ठासणीची रायफल आणि प्राणवायू

कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर दिलेली ठासणीची बंदूक आपल्यापैकी काही जणांनी पाहिली असेल. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग छरे किंवा गोळी घालायची आणि गजाने सगळे ठासून बसवायचे, म्हणून ती ठासणीची. तिची नळी आतून गुळगुळीत असते. नळीच्या आतल्या बाजूला मळसूत्रासारखे पिळाचे चर पाडले की तीच बंदूक रायफल होते. रायफल हे नावच मुळी चर पाडण्याच्या क्रियेवरून आले आहे.

अशा ठासणीच्या रायफली बनवण्याची एक परंपरा अठराव्या शतकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात, विशेषतः लँकेस्टर परगण्यात, जर्मन आणि स्विस कारागिरांनी रुजवली. तिथून ती अ‍ॅपलाचियन डोंगररांगांच्या आधाराने दक्षिणेला नॉर्थ कॅरोलिना, टेनेसीपर्यंत उतरली. या परंपरेतील लहान तोंडाची, म्हणजे सुमारे ८ ते १० मिलिमीटर व्यासाच्या नळीची रायफल हा आपला विषय आहे. (आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक बनवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे; तेव्हा हा विषय वाचण्याचा आणि वर्गात बोलण्याचा आहे, करून पाहण्याचा नाही. करून पाहण्याजोगे जे आहे ते शेवटी येईल.)

बंदुकीत शिकवण्यासारखे काय आहे, असा प्रश्न शिक्षकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझ्या मते या रायफलीच्या घडणीत लोखंड आणि प्राणवायू यांच्या नात्याचे एक संपूर्ण प्रकरण दडलेले आहे. काही टप्प्यांवर कारागीर प्राणवायूला जिवाच्या आकांताने बाहेर ठेवतो आणि काही टप्प्यांवर त्यालाच बोलावून कामाला लावतो. गंमत अशी की, लँकेस्टरचे लोहार हे सगळे करत होते तेव्हा प्राणवायू हा शब्दही जन्मला नव्हता. प्रीस्टलीने तो वायू वेगळा केला १७७४ मध्ये. पुढे हाच प्रीस्टली १७९४ मध्ये इंग्लंड सोडून पेनसिल्व्हेनियातच राहायला गेला आणि १८०४ मध्ये तिथेच वारला.

पण आधी थोडे गणित. जर्मनीहून आलेल्या शिकारी रायफली आखूड, जड आणि मोठ्या तोंडाच्या असत. १५-१६ मिलिमीटरची नळी सर्रास आढळे. अमेरिकेत दोन-तीन पिढ्यांत नळी लांबत गेली, मीटरभर किंवा त्याहून अधिक झाली, आणि तोंड लहान होत गेले. एकोणिसाव्या शतकात डोंगरातल्या खारी मारण्याच्या रायफलींचे तोंड ८ मिलिमीटरवर आले. असे का व्हावे?

शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम धरा. १६ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचे वजन साधारण २४ ग्रॅम भरते. म्हणजे एका पौंडात (४५४ ग्रॅममध्ये) जेमतेम १८-१९ गोळ्या. आता व्यास निम्मा करा. ८ मिलिमीटरच्या गोळीचे वजन होते सुमारे ३ ग्रॅम, आणि पौंडात गोळ्या होतात दीडशे! व्यास निम्मा, वजन आठवा हिस्सा. गोलाचे घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असते हे सूत्र मुले पाठ करतात, पण त्यामागे कुणाचे तरी पोट असू शकते हे त्यांना कुणी सांगत नाही. डोंगरात राहणाऱ्या कुटुंबाला शिसे आणि दारू दूरच्या बाजारातून, घोड्याच्या पाठीवरून आणावी लागे. आठपट गोळ्या म्हणजे आठपट शिकार. शिवाय हलक्या गोळीला दारूही त्या मानाने कमी लागते. त्या काळी नळीचे माप इंचात सांगण्याऐवजी ‘पौंडाला इतक्या गोळ्या’ असेच सांगत, कारण गिऱ्हाइकाचा हिशेब तोच होता.

या काटकसरीची किंमतही द्यावी लागते. हवेचा अडथळा गोळीच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो आणि वस्तुमान व्यासाच्या घनावर. म्हणून त्याच वेगाने निघालेली निम्म्या व्यासाची गोळी दुप्पट झपाट्याने मंदावते आणि आडव्या वाऱ्याने अधिक ढळते. खारीसाठी, सशासाठी ठीक, अस्वलासाठी नाही.

नळी एवढी लांब का, याचे नेहमीचे उत्तर ‘दारू पूर्ण जळावी म्हणून’ असे दिले जाते. मला ते अर्धेच पटते. लांब नळीचा अगदी साधा फायदा नेम धरण्यात आहे. नळीवरच्या मागच्या आणि पुढच्या खुणांमध्ये ७० सेंटिमीटर अंतर असेल आणि डोळ्याची चूक अर्धा मिलिमीटर झाली, तर ५० मीटरवर गोळी साधारण ३६ मिलिमीटरने चुकते. तेच अंतर एक मीटर केले तर चूक २५ मिलिमीटरवर येते. समरूप त्रिकोणांचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही. खारीचे डोके किती लहान असते ते आठवा.

आता पीळ. नळीच्या सुमारे १.२ मीटर लांबीत एक वेढा, हा या रायफलींमधला नेहमीचा पीळ. गोळी सेकंदाला ४५० मीटर वेगाने निघाली, तर ती स्वतःभोवती सेकंदाला ३७५ वेळा फिरत असते. आपल्या छताचा पंखा सेकंदाला पाच-सहा फेरे घेतो, त्याच्याशी तुलना करा. हे फिरणे का हवे, ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. गुळगुळीत नळीतून जाताना गोळी शेवटी ज्या बाजूला घासते त्यानुसार तिला कसलीही वेडीवाकडी गिरकी मिळते आणि त्या गिरकीमुळे हवा तिला एका बाजूला ढकलते. ती कोणत्या बाजूला ढळेल हे आधी सांगता येत नाही. पिळाच्या नळीत गिरकीचा अक्ष प्रवासाच्या दिशेतच राहतो, म्हणून हे ढकलणे जवळजवळ नाहीसे होते. गोळीत एखादा पोकळ दोष असला तरी त्याचा परिणाम सर्व दिशांना वाटला जातो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात गोळीचा वेग मोजणारा जो लंबक असतो, तोही याच रॉबिन्सचा. ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांच्या कामासाठी त्याला हिंदुस्थानात पाठवले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यावर तो वारला. तो किल्ला इंग्रजांनी १६९० मध्ये जिंजीच्या मराठ्यांकडून विकत घेतलेला होता.

गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते आणि ती तेल किंवा चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ठासतात. शिसे चरांना शिवतही नाही. चरांत रुततो तो कापडाचा धागा, आणि तोच गोळीला फिरवतो. बाहेर पडताच कापड गळून पडते.

नळी घडवण्याचे काम लोहाराचे. जुन्या पद्धतीत जवळजवळ कर्बहीन अशा घडीव लोखंडाची जाड पट्टी गजाभोवती गुंडाळून तिच्या कडा भट्टीत एकजीव करत. भात्याने कोळसा फुलवायचा, लोखंड पांढरे होऊन त्यातून ठिणग्या उडू लागेपर्यंत, म्हणजे १३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवायचे आणि लगेच ऐरणीवर घणाचे घाव घालायचे. एका वेळी काही सेंटिमीटरच सांधले जाते, म्हणून मीटरभर नळीला असे ताव पुनःपुन्हा द्यावे लागत. इथे प्राणवायू हा शत्रू. तापलेल्या लोखंडावर क्षणात ऑक्साइडची खपली धरते आणि ती खपली सांध्यात अडकली तर तिथे नळी फुटते. फुटते ती धरणाऱ्याच्या तोंडाशी. म्हणून लोहार सांध्यावर टाकणखार किंवा बारीक वाळू टाकत. ती ऑक्साइडशी संयोग पावून पातळ काचेसारखा रस होतो आणि घणाच्या पहिल्या घावासरशी बाहेर फेकला जातो. घडीव लोखंडात मळीचे तंतू मुळातच असतात, त्यांचीही याला मदत होते. आजचे हौशी कारागीर या वाटेला सहसा जात नाहीत. पोलादाच्या भरीव गजाला भोक पाडून बनवलेली तयार नळी ते विकत आणतात. धोका पाहता ते योग्यच आहे.

पीळ पाडण्याचे जुने यंत्र पाहण्यासारखे असते. एक लांब लाकडी दंडगोल, त्यावर कोरलेले मळसूत्री चर आणि त्याला जोडलेली काठी. काठीच्या टोकाला करवतीच्या दातांसारखे छोटे पाते बसवलेले. दंडगोल आत-बाहेर ढकलला की तो आपल्या चरांप्रमाणे वळतो आणि पातेही नळीत तसेच वळत जाते. एक चर थोडा कापून झाला की दंडगोल एका खाचेने फिरवून पुढचा चर धरायचा. पाते बोथट वाटू लागले, कापेनासे झाले, की त्याच्याखाली कागदाचा कपटा सरकवून ते किंचित उचलायचे. सात चर, प्रत्येकाची खोली मिलिमीटरच्या काही दशांशांइतकी. आणि तिचे मोजमाप कागदाच्या कपट्यांनी! व्हर्जिनियातील कलोनियल विल्यम्सबर्ग या संग्रहालय-नगरातले वॉलेस गस्लर यांनी लोखंडाच्या पट्टीपासून संपूर्ण रायफल अशा जुन्या पद्धतीने केली. त्यावरचा चित्रपट १९६९ मधला आहे.

चाप आणि चकमकीचा भाग हा या बंदुकीचा मेंदू. चाप ओढला की कमान सुटते आणि चकमकीचा दगड पोलादाच्या उभ्या पट्टीवर घासत खाली येतो. त्या वेळी ठिणगी दगडातून निघते असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात दगडाची तीक्ष्ण कड पोलादाचे सूक्ष्म कपचे तासून काढते, घर्षणाने ते तापतात आणि हवेतल्या प्राणवायूत पेटतात. ठिणगी म्हणजे जळणारे लोखंड. म्हणजे इथे प्राणवायू हवाच.

पण त्यासाठी पट्टीचा पृष्ठभाग कडक हवा. मऊ लोखंडाचे असे कपचे निघत नाहीत. सगळी पट्टी कडक केली तर ती आपटून फुटेल. यावर युक्ती अशी: मऊ लोखंडाचा भाग हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात पुरून पेटी मातीने लिंपून बंद करायची आणि ती काही तास लाल तापलेली ठेवायची. कर्बाचे अणू पृष्ठभागातून आत झिरपतात. खोली मिलिमीटरभरही नसते, पण तेवढा थर पोलादाचा होतो. आतला गाभा मऊ आणि चिवटच राहतो. लिंपण नीट झाले नाही तर प्राणवायू आत शिरून कोळसाच जाळून टाकतो आणि मेहनत वाया जाते. शेवटी तो भाग तापलेला असतानाच पाण्यात टाकायचा.

आपल्याकडे याला ‘पाणी देणे’ म्हणतात आणि तो शब्द फार नेमका आहे. लाल तापलेल्या पोलादात कर्ब विरघळलेला असतो. सावकाश निवू दिले तर तो वेगळा होतो. एकदम निववले तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, स्फटिकांची रचना ताणली जाते आणि पोलाद काचेसारखे कडक, तितकेच ठिसूळ होते. कमानीला असा ठिसूळपणा चालत नाही. म्हणून पाणी दिल्यावर कमान घासून लख्ख करायची आणि पुन्हा हलकेच तापवायची. आता तिच्यावर रंग चढू लागतात: २२०-२३० अंशांना गवती पिवळा, २८० च्या सुमारास जांभळा, ३०० ला निळा. निळा दिसताच थांबायचे. हे रंग कुठल्या रंगद्रव्याचे नाहीत. पृष्ठभागावर प्राणवायूने धरलेला ऑक्साइडचा थर काही दहा नॅनोमीटर जाडीचा असतो आणि साबणाच्या फुग्यावर किंवा रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जसे रंग दिसतात तसेच, प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने, हे दिसतात. थर जाड होत गेला की रंग बदलतो. थोडक्यात, तापमापक नसलेल्या लोहाराला प्राणवायूने तापमापक पुरवला.

लाकूड मेपलचे, आणि तेही लहरी तंतूंचे. फळीत तंतू नागमोडी गेलेले असले की पृष्ठभागावर कुठे तंतूची कूस दिसते, कुठे त्याची कापलेली टोके. कूस प्रकाश परतवते, टोके तो गिळतात. त्यामुळे वाघाच्या अंगासारखे पट्टे दिसतात आणि लाकूड कलते केले की उजळ पट्टा काळा व काळा उजळ होतो. नळी लाकडात बसवताना तिला काजळी फासून दाबतात आणि काळा डाग उमटेल तेवढेच पटाशीने काढतात. हे शेकडो वेळा करावे लागते. शेवटी काही ठिकाणी लाकडाची भिंत तीन-चार मिलिमीटरच उरते. नळी लाकडाला खिळवणाऱ्या पिना ज्या कानांतून जातात त्यांची भोके गोल न ठेवता लांबट करतात, कारण दमट आणि कोरड्या हवेत लाकूड हलते, लोखंड त्या रीतीने हलत नाही. गोल भोके ठेवणाऱ्याची नळी ऋतू बदलला की वाकते.

आता शेवटचा हात, आणि मला सर्वांत आवडणारा भाग. मेपल मुळात फिकट. त्याला रंग देण्यासाठी कारागीर नत्राम्लात लोखंडाचा कीस विरघळवतात आणि ते पाणी लाकडाला लावतात. लावल्यावर लाकूड मळकट हिरवट-करडे दिसते, नवशिक्याचे काळीजच बसते. मग तापलेले लोखंड लाकडाजवळून, न टेकवता, फिरवायचे. पाहता पाहता करडा रंग तांबूस तपकिरी होतो. लोखंडाचा नायट्रेट क्षार उष्णतेने मोडतो आणि लोखंडाची ऑक्साइडे, म्हणजे एक प्रकारचा गंजच, लाकडाच्या पेशींत अडकून बसतो. तंतूंच्या टोकांनी द्रावण जास्त प्यायलेले असते, म्हणून पट्टे अधिक गडद उठतात. मागे उरलेले आम्ल सोड्याच्या पाण्याने मारावे लागते, नाहीतर पुढे कित्येक महिने लाकूड काळवंडत राहते.

त्यावर जवसाचे तेल. तेल ‘वाळते’ असे आपण म्हणतो, पण पाणी वाळते तसे ते वाळत नाही. वाळणाऱ्या वस्तूचे वजन घटते. जवसाच्या तेलाचे वाढते! त्याच्या रेणूंमधल्या दुहेरी बंधांवर प्राणवायू बसतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाची घट्ट पापुद्र्यासारखी चादर होते. या क्रियेत उष्णता निघते. तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर ती उष्णता कोंडून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. सुतारकामाची कार्यशाळा असलेल्या शाळांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी: चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

आणि नळी? काही कारागीर ती उजळच ठेवत, काही तिला मुद्दाम गंजवत. नळी तेलाचा अंशही न ठेवता स्वच्छ करायची, क्षार किंवा आम्लाचे सौम्य द्रावण अगदी पातळ फासायचे आणि ती दमट जागी टांगून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिच्यावर मखमलीसारखा लाल गंज येतो. तो खरखरीत कापडाने पुसायचा, पुन्हा द्रावण, पुन्हा टांगणे. (आपल्याकडे जुलै महिन्यात दमट जागा शोधावी लागणार नाही.) गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगून सुटतो आणि खालचे लोखंड उघडे पाडतो, खिडकीचे गज पोखरले जातात ते असे. कारागीर रोज हा सुटा गंज पुसून टाकतो आणि धातूला घट्ट चिकटलेला बारीक थर तेवढा मागे ठेवतो. आठ-दहा दिवसांत त्याचा एकसारखा, चॉकलेटी थर तयार होतो. मग सोड्याच्या उकळत्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे, कारण क्लोराइडचा कण राहिला तर गंज थांबत नाही, आणि नळी गरम असतानाच तेल द्यायचे म्हणजे ते थराच्या छिद्रांत मुरते. याच लाल गंजाला मध्येच उकळत्या पाण्यात घातले तर तो काळ्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे चुंबकपाषाणाच्या संयुगात बदलतो. निळसर काळ्या बंदुका अशा होतात.

बाहेरचा गंज असा लाडाने वाढवायचा, पण आतल्या बाजूला त्याचा ठिपकाही चालत नाही. बंदुकीची दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घनरूपात मागे उरते. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड असे क्षार असतात आणि ते हवेतले पाणी ओढतात. लहान तोंडाच्या नळीत ही काजळी लवकर अडचण करते, कारण छेदाच्या मानाने परीघ तिथे जास्त असतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून लोखंडी नळी साफ करायची ती पाण्याने, आणि मग कोरडी करून तेल. ‘लोखंडाला पाणी लावू नये’ असे मानणाऱ्यांच्या नळ्या लवकर खराब होतात.

विसाव्या शतकात ही कला जवळजवळ थोड्या म्हाताऱ्या हातांत उरली होती. १९३३ मध्ये अमेरिकेत ठासणीच्या रायफलवाल्यांची राष्ट्रीय संघटना झाली. पण शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे असे काम शाळकरी मुलांनी केले. जॉर्जिया राज्यातील रेबन गॅप इथल्या एका शाळेतल्या मुलांनी १९६६ मध्ये फॉक्सफायर नावाचे नियतकालिक सुरू केले. आजूबाजूच्या वृद्ध कारागिरांकडे जायचे, त्यांचे काम पाहायचे आणि त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यायचे. १९७९ च्या त्यांच्या पाचव्या खंडात लोखंड गाळण्यापासून चकमकीच्या रायफलीपर्यंतची माहिती आहे. आपल्या गावचा लोहार कोयत्याला पाणी कसे देतो, कोणत्या रंगावर थांबतो, हे किती शाळांच्या वह्यांत लिहिलेले असेल?

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग. शिवणाची जाड सुई चिमट्यात धरून लाल तापवा आणि पाण्यात बुडवा. ती वाकवताच मोडते, पण डोळ्यांवर चष्मा असू द्या. दुसरी सुई तशीच निववून काचकागदाने घासा आणि ज्योतीपासून थोडी दूर धरून पिवळ्यापासून निळ्यापर्यंतचे रंग पाहा. निळी झालेली सुई कमानीसारखी वाकून परत येते. दुसऱ्या प्रयोगाला नत्राम्ल नको. गंजके खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा. ते पाणी बाभळीच्या, आंब्याच्या आणि देवदाराच्या लाकडावर लावा. बाभळीत टॅनिन भरपूर, म्हणून ती काही मिनिटांत काळी होऊ लागते. फिकट लाकडाचे दोन तुकडे घ्या, एकाला आधी चहाचे कडक पाणी पाजा, दुसरा कोरा ठेवा, आणि दोन्ही तुकड्यांवर तारीख लिहून आठ दिवस खिडकीत ठेवा.